आटलेल्या ओढ्यापाशी (ईयोब ६:१४-३०)



आजचं वाचन आहे ईयोब, अध्याय ६, वचनं १४ ते ३०. मेट्रोत असा, कंपनीच्या बसमध्ये असा, आधी तेवढं वाचून घ्या आणि मग इकडे या. सतराच वचनं आहेत, पाच मिनिटंही लागत नाहीत.

ईयोबाचं पुस्तक म्हटलं की आपल्याला सैतान आठवतो, मेंढरं आणि उंट आठवतात, दहा मुलांचा एका दिवसात झालेला अंत आठवतो. पण नीट बघितलंत तर हे सगळं पहिल्या दोन अध्यायांतच उरकलेलं आहे. सैतान त्यानंतर पुन्हा दिसतसुद्धा नाही. ४२ अध्यायांच्या या पुस्तकातला मोठा भाग कशाने व्यापलाय? मित्रांच्या बोलण्याने आणि त्यांना ईयोबाने दिलेल्या उत्तरांनी. राखेत बसलेला एक माणूस, अंगभर फोड, खाजवायला हातात खापराचा तुकडा, आणि समोर बसून त्याला समजावणारे तीन मित्र. माझ्या मते हे पुस्तक दुःखाबद्दल जेवढं आहे, तेवढंच मित्रांबद्दल आहे.

मित्रांना एकदम शिव्या घालू नका हं. सुरुवात त्यांनी फार चांगली केली होती. अलीफज, बिल्दद आणि सोफर आपापल्या गावांहून निघाले, एकमेकांशी ठरवून निघाले, कामधंदा टाकून आले. लांबून त्याला पाहिलं तेव्हा ओळखूच आला नाही. मोठ्याने रडले, अंगावरचे झगे फाडले, डोक्यावर धूळ टाकली. आणि मग सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले. एक शब्द बोलले नाहीत. आपल्यापैकी कोणी कोणासाठी सात रात्री गप्प बसलंय? मी तर नाही.

पण असं बसलेले मित्र मी पाहिले आहेत, म्हणून हे आज लिहितेय.

चार वर्षांपूर्वी माझ्या पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. पहिले दोन दिवस आयसीयूबाहेरच्या त्या लोखंडी खुर्च्यांवर माझा कॉलेजचा सगळा ग्रुप बसून होता. एकीने घरून चहाचा थर्मास आणला होता. कोणी काही बोलत नव्हतं. रात्री तीन वाजता एकाने स्वतःचं जॅकेट काढून मम्मीच्या पायांवर टाकलं, बस्स, एवढंच. त्या दोन रात्री मी आयुष्यभर विसरणार नाही. पुढे जे झालं त्याने त्या खोट्या ठरत नाहीत, हे समजायला मात्र मला खूप वेळ लागला.

पुढे काय झालं ते तुमच्यापैकी ज्यांनी घरात लांबलेलं आजारपण पाहिलंय त्यांना सांगायला नको. पप्पा तेवीस दिवसांनी घरी आले. बोलता येत नव्हतं, उजवी बाजू गेलेली, नाकातल्या नळीतून जेवण. आणि फोन कमी कमी होत गेले. पहिल्या आठवड्यात "काय लागलं तर सांग". तिसऱ्या आठवड्यात नुसते जोडलेले हात. दुसऱ्या महिन्यात माझी सगळ्यात जवळची मैत्रीण भेटायला आली आणि निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "पण खरं सांगू का, काकांचं बीपी तुम्ही लोकांनी कधी सिरियसली घेतलंच नाही." मी काही बोलले नाही. दार लावलं आणि तिथेच खाली बसले. पुढच्या शनिवारी कोणाच्या तरी स्टेटसवर सगळ्यांचा लोणावळ्याचा फोटो दिसला. तेव्हा कळलं की मला वगळून एक दुसरा ग्रुप तयार झालेला आहे. कोणीतरी विचार केला असेल की तिला कशाला बोलवायचं, तिला येता येणार नाही, वाईट वाटेल. चांगल्या मनानेच केलं असेल. तरी.

आता सहाव्या अध्यायाकडे या.

सात दिवसांनंतर ईयोबाने तोंड उघडलं आणि स्वतःच्या जन्मदिवसाला शाप दिला. मित्रांना हे झेपलं नाही. अलीफज वयाने बहुधा सगळ्यांत मोठा, तो अगदी सौम्यपणे सुरुवात करतो, पण सांगतो काय, तर निर्दोष माणसाचा कधी असा नाश झालेला तू पाहिला आहेस का, आठवून बघ. दहा मुलं पुरलेल्या बापाला! त्यावर ईयोब जे उत्तर देतो त्यात तो मित्रांना एका ओढ्याची उपमा देतो. थंडीत बर्फ वितळून गढूळ, भरभरून वाहणारा ओढा. उन्हाळा आला की नाहीसा. तेमा आणि शबा इथले व्यापाऱ्यांचे तांडे वाट वाकडी करून त्या ओढ्याच्या आशेने येतात आणि कोरड्या पात्रापाशी उभे राहून लाजतात.

माझं आजोळ नगर जिल्ह्यातलं आहे. गावाबाहेर ओढा आहे. आम्ही लहानपणी दिवाळीत जायचो तेव्हा त्यात पाय सोडून बसायचो, आणि मे महिन्यात जायचो तेव्हा त्याच पात्रात क्रिकेट खेळायचो. बायका वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरायच्या. त्यामुळे ईयोबाचं हे म्हणणं मला समजावून घ्यावं लागलं नाही. तो ओढ्याला खोटा म्हणत नाही. ओढा खराच होता, दिवाळीत भरलेलाच होता. फक्त पाण्याची गरज नसते तेव्हा तो वाहतो आणि जीव तहानेने कासावीस होतो तेव्हा आटतो.

आणि मग २१ वं वचन. हे मी पेनाने दोनदा अधोरेखित केलंय. ईयोब मित्रांना म्हणतो त्याचा अर्थ असा की, तुम्ही माझी भयंकर अवस्था पाहिली आणि घाबरलात. मूळ हिब्रूमध्ये 'पाहता' आणि 'घाबरता' हे दोन शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. बघितलं की भ्यालंच, असं. तो त्यांना दुष्ट म्हणत नाही, घाबरलेले म्हणतो. पुढच्याच वचनात विचारतो, मी तुमच्याकडे काही मागितलं का? पैसे द्या म्हणालो? माझ्यासाठी कोणाला लाच द्या म्हणालो? आणि २८ व्या वचनात म्हणतो, फक्त माझ्याकडे बघा. त्याची मागणी एवढीच होती, आणि नेमकं तेच त्यांना जमत नव्हतं.

का जमत नाही? कारण ईयोबासारख्या सरळ माणसावर हे येऊ शकतं तर उद्या माझ्यावरही येऊ शकतं. हा विचार घेऊन रात्री झोप लागत नाही. त्यापेक्षा त्याची काहीतरी चूक शोधलेली बरी. चूक सापडली की आपण सुटलो, आपण ती करणार नाही, संपलं. माझी मैत्रीण दारात जे बोलली ते मला टोचायला नव्हती बोलली. तिच्या वडिलांनाही बीपी आहे. ती स्वतःच्या घराला कुंपण घालत होती. हे मला आज कळतं. तेव्हा कळलं असतं तरी दुखलं असतंच.

भीतीने बोलणारा माणूस पुढे किती वाहवत जातो ते बघायचं असेल तर अध्याय २२ काढा. तोच सौम्य अलीफज तिथे ईयोबाच्या नावावर पापांची यादी वाचतो. थकलेल्याला पाणी दिलं नाहीस, विधवांना रिकाम्या हाताने घालवलंस, वगैरे. पुरावा एकही नाही. सिद्धांत वाचवायचा म्हणजे मित्र गुन्हेगार ठरलाच पाहिजे.

बरं, मग ईयोबाला धीर कुठून आला? इथे मला एक गोष्ट दाखवायची आहे. पुस्तक सलग वाचल्याशिवाय ती लक्षात येत नाही. ईयोब मित्रांशी बोलता बोलता मध्येच तोंड फिरवतो आणि देवाशी बोलायला लागतो. न सांगता. सातव्या अध्यायात असंच होतं, दहाव्यात तेच, तेराव्याच्या शेवटी पुन्हा तेच. वाचणारा दचकतो, अरे, आता हा 'तू' कोणाला म्हणतोय? देवाला. आणि काय बोलतो? गोड काही नाही. माझ्यावर पाळत का ठेवतोस, मला क्षणभर सोड, माझं पाप काय ते तरी सांग.

आता मित्रांची भाषणं तपासा. अलीफजची तीन, बिल्ददची तीन, सोफरची दोन, एकूण आठ. सगळी देवाबद्दल. देव किती थोर, किती न्यायी, किती बलवान. पण या आठ भाषणांत देवाशी बोललेलं एक वाक्य शोधून दाखवा. नाही सापडणार. "तू देवाचा धावा कर" असा सल्ला ते ईयोबाला देतात. पण सात रात्री शेजारी बसून, नंतर एवढी भाषणं करून, "देवा, आमच्या या मित्राकडे बघ" असं एकाच्याही तोंडून एकदाही निघत नाही. (आपण पाठवतो ते जोडलेले हात आठवले ना? मलाही आठवले. मी कितीदा पाठवलेत, आणि त्यानंतर खरोखर डोळे मिटून प्रार्थना कितीदा केली!)

शेवटच्या अध्यायात देव अलीफजला सांगतो की माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर भडकला आहे, कारण तुम्ही माझा सेवक ईयोब याच्यासारखं यथार्थ बोलला नाहीत. बहुतेक भाषांतरांत तिथे 'माझ्याविषयी' असा शब्द आहे. हिब्रूतलं ते लहानसं अव्यय एरवी बहुतेक वेळा 'माझ्याशी, माझ्याकडे' अशा अर्थाने येतं. एका अव्ययावर सिद्धांत उभारू नये हे मला मान्य आहे, आणि 'विषयी' हा अर्थही चुकीचा नाही. पण पूर्ण पुस्तक वाचून झाल्यावर तो 'माझ्याशी' मला सोडवत नाही. त्या राखेत देवाशी बोलत होता तो एकटा ईयोबच.

आणि बोलता बोलता त्याला काहीतरी दिसायला लागतं. सोळाव्या अध्यायात मित्रांना उपद्रवी सांत्वनकर्ते ठरवून झाल्यावर तो म्हणतो, स्वर्गात माझा कोणी साक्षी आहे. मित्र हसतात, पण माझे डोळे देवापुढे पाझरतात. एकोणिसाव्या अध्यायात तर तो हिशेबच मांडतो. भाऊ दूर गेले, नातलगांनी सोडलं, घरचे चाकर हाक मारली तर ओ देत नाहीत, बायकोला माझा श्वास नकोसा झालाय, गल्लीतली पोरं टिंगल करतात. एकेक नातं खोडत जातो. आणि याच अध्यायात पुढे तो ठामपणे म्हणतो की माझा उद्धारक जिवंत आहे. तिथला हिब्रू शब्द आहे 'गोएल'. आपण 'उद्धारक' म्हणतो म्हणून तो फार धार्मिक वाटतो, पण तो घरगुती शब्द आहे. गोएल म्हणजे जवळचा नातलग. तुमची जमीन गहाण पडली तर ती सोडवणारा, तुम्ही गुलाम झालात तर पैसे भरून आणणारा, रूथच्या गोष्टीतला बवाज. सगळे नातलग गेल्यावर ईयोबाने देवासाठी शोधून शोधून शब्द काढला तो नातलगाचाच!

माझ्याबाबतीत असं काही तेजस्वी वगैरे घडलं नाही. त्या लोणावळ्याच्या फोटोनंतर मी कित्येक आठवडे प्रार्थना केली नाही. तरुण संघाच्या मीटिंगला गेले नाही. एके रात्री अडीचला पप्पांची कूस बदलून झाल्यावर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते आणि फोनवर हाच सहावा अध्याय उघडला. पुस्तक क्रमाने वाचत होते म्हणून नव्हे, 'मित्र' असा शब्द सर्च केला म्हणून. ओढ्याची वचनं वाचली आणि तोंडातून निघालं, "आणि तू? तूही आटलास का?" मोठ्याने निघालं. मम्मी जागी झाली असेल अशी भीती वाटली. मग जे काही साठलं होतं ते सगळं बोलले. ऑफिसचं, पैशांचं, मैत्रिणीचं, पप्पांच्या डोळ्यांतल्या पाण्याचं. देवाशी भांडले म्हणा ना. उत्तर आलं नाही. पप्पा बरे झाले नाहीत, अकरा महिन्यांनी गेले. पण त्या रात्री बोलताना एकदाही असं वाटलं नाही की ऐकणारा दाराकडे सरकतोय, चप्पल शोधतोय. त्या रात्री मला एवढंच मिळालं आणि त्यावर मी पुढचा दिवस काढला. दुसऱ्या रात्री पुन्हा बोलले.

ईयोबालाही 'का' याचं उत्तर मिळत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. वावटळीतून देव बोलतो तेव्हा स्वर्गात सैतानाशी काय बोलणं झालं त्याचा उल्लेखही करत नाही. तो बोलतो रानबकरी कधी विते त्याबद्दल, शहामृगाबद्दल, आणि मला अतिशय आवडणारी गोष्ट म्हणजे जिथे एकही माणूस राहत नाही त्या ओसाड भूमीवर पाऊस पाडण्याबद्दल. पण तो येतो. मित्र लांबून आले होते, देव त्या सगळ्यांहून जवळ आला. 'सांत्वन' यासाठी हिब्रूत जो धातू आहे तो दुसऱ्या अध्यायात मित्र निघतात तेव्हा येतो, सोळाव्यात ईयोब त्यांना हिणवतो तेव्हा येतो, आणि देवाला पाहिल्यावर ईयोब धूळ-राखेबद्दल जे बोलतो त्यातही तोच धातू आहे. आपल्याकडे तिथे पश्चात्ताप असं भाषांतर आहे. काही अभ्यासक म्हणतात की तिथे 'माझं समाधान झालं' असाही सूर ऐकू येतो. मला तो येतो.

इथे एक गैरसमज होऊ शकतो. मी स्वतः त्यात वर्षभर अडकले होते. "मला कोणाची गरज नाही, मला देव पुरे." ऐकायला फार आत्मिक वाटतं. खरं म्हणजे तो रुसवा असतो, फक्त बायबलच्या कव्हरात घातलेला. पौलाचं बघा. २ तीमथ्य अध्याय ४ मध्ये तो लिहितो की माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूला कोणी उभं राहिलं नाही, सगळ्यांनी सोडलं, पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला. आणि त्याच अध्यायात तीमथ्याला सांगतो की लवकर ये, हिवाळ्याच्या आत ये, आणि येताना त्रोवसात राहिलेला माझा झगा घेऊन ये. प्रभू जवळ उभा आहे म्हणून थंडी वाजायची थांबत नाही. गेथशेमानेत प्रभू येशूनेसुद्धा पेत्र, याकोब आणि योहानाला जागं राहायला सांगितलंच होतं. ते झोपले. तो पित्याकडे गेला, परत त्यांच्याकडे आला, पुन्हा पित्याकडे गेला. झोपलेल्या मित्रांकडे तो तीनदा परत आला.

आता शेवटचं, आणि हे लिहायला मला जड जातंय.

४२ व्या अध्यायात देव मित्रांना सांगतो की सात गोऱ्हे आणि सात मेंढे घेऊन ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील. म्हणजे ज्या माणसासाठी त्यांनी एकदाही प्रार्थना केली नाही, त्याने आता त्यांच्यासाठी करायची. आणि क्रम बघा. ईयोबाची गुरंढोरं तोवर परत आलेली नाहीत, मुलं नाहीत, भाऊबहिणी अजून जेवायला आलेल्या नाहीत. ते सगळं त्यानंतर येतं. तो प्रार्थना करतो तेव्हा त्याचे हात रिकामेच आहेत.

गेल्या सोमवारी त्याच मैत्रिणीचा मेसेज आला. चार वर्षांनी. तिच्या आईला कॅन्सर निघालाय, दुसऱ्या स्टेजचा. "तुझ्याशी बोलायचं होतं, वेळ आहे का?" मी वाचला. निळ्या टिका तिला दिसल्या असणार. उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा केलं, पुन्हा पुसलं. मनात पहिला विचार कोणता आला सांगू? आता कळलं ना. दुसरा विचार आला तो, माझ्या मम्मीचीही मॅमोग्राफी राहिलीय. आणि मग २१ वं वचन आठवलं. पाहिलं आणि भ्याले. माझा ओढा आटायला चार दिवससुद्धा लागले नाहीत.

रोज रात्री तिच्या आईचं नाव घेतेय. भावना वगैरे काही येत नाही, नुसतं नाव. काल रात्री नावाबरोबर थोडं रडू आलं. कोणासाठी ते नीट कळलं नाही.

आज सकाळी मी तिला "येते" एवढंच कळवलंय. ऑफिस सुटल्यावर जाणार आहे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही, वचनाचं ग्राफिक तर अजिबात पाठवणार नाही. थर्मास काढून ठेवलाय. तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी आज तिच्या आईसाठी प्रार्थना करा. नाव देव जाणतो.

उद्या अध्याय ७. सलाम.